हिशेबाचा पक्का माणूस

आर्वो पॅर्तचं नाव निघालं की पाठोपाठ एक ठरावीक चित्र येतं. वाढलेली दाढी, खोल गेलेले डोळे, दगडी चर्च, मेणबत्त्या आणि अपार शांतता. एस्टोनियाच्या या संगीतकाराला लोकांनी हयातीतच संतपदाला पोचवलंय. त्याच्याविषयी लिहिणारे ‘ध्यान’, ‘प्रार्थना’, ‘मौन’ या त्रिकुटापलीकडे फारसे सरकत नाहीत. इंटरनेटवर तर त्याच्या रचना ‘शांत झोपेसाठी संगीत’ असल्या याद्यांमध्ये पावसाच्या आवाजाशेजारी जाऊन बसल्या आहेत. मला त्याचं संगीत बरीच वर्षं आवडत आलंय आणि हे चित्र तितकीच वर्षं खटकत आलंय. ऐकायला बसलं की मला दिसणारा माणूस डोळे मिटून बसलेला नसतो. तो टेबलाशी वाकून, हातात पेन्सिल घेऊन, काहीतरी मोजत असतो.

त्याला भाविक म्हणायला माझी हरकत नाही. तो आहेच, आणि ते त्याने कधी लपवलेलं नाही. पण भाविक माणसं जगात पुष्कळ आहेत. त्यांतल्या एखाद्यालाच ‘कांतुस’सारखी रचना सुचते, आणि ती का सुचते याचं उत्तर भक्तीत शोधून मिळत नाही. त्यासाठी त्याच्या वह्या आणि त्याच्या नोकऱ्या बघाव्या लागतात.

त्याचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ चा, एस्टोनियातल्या पाइदे गावचा. आईवडील वेगळे झाले आणि आई त्याला घेऊन राक्वेरेला आली. तेव्हा देशाची अवस्था अशी की १९४० मध्ये सोव्हिएत आले, १९४१ मध्ये जर्मन आले, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत आले आणि ती सत्ता १९९१ पर्यंत टिकली. घरात एक जुना पियानो होता. त्याचा मधला भाग पार बिघडलेला, वरचे आणि खालचे स्वर तेवढे धड वाजायचे. पोरगा त्यावरच बोटं चालवत राहिला. गावच्या चौकात लाउडस्पीकर होता, त्यावर रेडिओवरचं सिंफनी संगीत लागायचं, आणि हा सायकलवरून चौकाला फेऱ्या मारत ते ऐकायचा. या दोन्ही आठवणी त्याच्याविषयीच्या प्रत्येक लेखात असतात. पुढे त्याच्या संगीतातही मंद्र आणि तार एकमेकांपासून लांब उभे असतात, मधलं बरंचसं रिकामं असतं, त्यामुळे मोडक्या पियानोचा धागा थेट तिथवर ओढायचा मोह कुणालाही होईल. मी तो आवरतो. कारण मधल्या वर्षांत याच माणसाने भरगच्च, कर्कश, एक फट मोकळी न ठेवणारं संगीतही लिहिलंय.

नुसतं लिहिलं नाही, त्यात तो वाकबगार होता. सक्तीची लष्करी नोकरी त्याने बँडमध्ये वाजवत काढली आणि १९५७ मध्ये तो टॅलिनच्या संगीत महाविद्यालयात हाइनो एलर यांच्याकडे रचना शिकायला दाखल झाला. त्याच्याविषयी सहाध्यायी सांगायचे की हा नुसती बाही झटकतो आणि स्वर खाली पडतात. हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. ज्या माणसाच्या एका रचनेत आज आपण जेमतेम दोन पानांचे स्वर मोजतो, तो सुरुवातीला उधळ्या होता. काटकसर त्याच्या स्वभावात नव्हती, ती त्याने पुढे कष्टाने कमावली.

शिकत असतानाच, १९५८ मध्ये, तो एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागला. तिथे तो १९६७ पर्यंत होता. चरित्रकार हे एका ओळीत उरकतात, पण मला ही नोकरी फार मोलाची वाटते. जवळपास दहा वर्षं काचेमागे बसून दुसऱ्यांचं वाजवणं ऐकायचं. मायक्रोफोन कुठे ठेवला की चेलो घोगरा येतो, वादकाने गज उचलल्यावर त्या खोलीत स्वर किती वेळ रेंगाळतो, टेप कुठे कापली तर सांधा कळत नाही, ही या कामातली रोजची गणितं. असं काम केलेल्या माणसाला शांतता ही काही गूढ वस्तू वाटत नसणार. ती मोजता येते, लांबवता येते, कापता येते. पॅर्तच्या रचनांत विराम ज्या नेमकेपणाने पडतात, त्याची तालीम मला त्या काचेमागे दिसते. हे माझं अनुमान आहे, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसलेल्या कुणालाही ते पटावं.

रेडिओच्या त्याच काळात तो सोव्हिएत दरबाराच्या नजरेत भरला, तेही दोन्ही अर्थांनी. १९६० ची ‘नेक्रोलॉग’ ही एस्टोनियातली बारा-स्वरी पद्धतीची पहिली वाद्यवृंदरचना. या पद्धतीत सप्तकातले बाराही स्वर एका ठरवलेल्या क्रमाने येतात आणि कुणालाच षड्जाचा मान मिळत नाही. सोव्हिएत संगीतकार संघाचे सर्वेसर्वा तिखोन ख्रेन्निकोव्ह यांनी या पाश्चात्त्य थेरांवर जाहीर तोंडसुख घेतलं. आणि गंमत बघा, १९६२ मध्ये त्याच पॅर्तला मॉस्कोत तरुण संगीतकारांच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, मुलांसाठीच्या एका गीतरचनेला आणि एका ऑरेटोरिओला, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेला. एका गालावर चापट आणि दुसऱ्या हातावर पेढा. त्या व्यवस्थेत कुणाचं कधी काय चालेल याचा नेम नसायचा, आणि सिनेमासाठी संगीत लिहून चूल पेटती ठेवायची सोय मात्र असायची. पॅर्तनेही सिनेमाचं काम भरपूर केलं.

मग आला १९६८ चा ‘क्रेडो’. पियानो, वृंदगान आणि वाद्यवृंद. सुरुवातीला गायकवृंद लॅटिनमध्ये येशूवरची श्रद्धा जाहीर करतो. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या सी मेजरमधल्या सुप्रसिद्ध प्रील्यूडचे, म्हणजे एका छोट्या वाद्यरचनेचे, स्वर घेऊन रचना चालू लागते आणि हळूहळू बारा-स्वरी गणितातून ती पूर्ण गदारोळापर्यंत जाते. डोळ्याला डोळा, दाताला दात! त्यातून बाहेर पडायची वाट म्हणून पुन्हा बाख येतो, आणि दुष्टाला विरोध करू नका हे वचन येतं. १६ नोव्हेंबर १९६८ रोजी टॅलिनमध्ये नेमे यार्वी यांच्या संचालनाखाली तो वाजला. श्रोत्यांनी तो डोक्यावर घेतला आणि वरच्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या. सरकारी परवानगीच्या चाळणीतून ही रचना रीतसर गेलीच नव्हती. पुढे ती वाजवणं बंद झालं आणि पॅर्तवर रोष ओढवला.

पण त्याला अडवलं ते फक्त सरकारने, असं म्हणणं सोपं पडेल. ‘क्रेडो’ नीट ऐकला तर त्यातच कळतं की त्याचं गाडं आतूनही अडलंय. बाखचे स्वर उसने आणायचे, आधुनिक गदारोळ समोर उभा करायचा आणि दोघांची झुंज लावायची. यात त्याचं स्वतःचं काय? दोन्ही बाजू दुसऱ्यांच्या. असला कोलाज किती वेळा करणार?

इथून पुढची आठ वर्षं म्हणजे त्याचं ते गाजलेलं ‘मौन’. लेख लिहिणाऱ्यांना ही वर्षं फार प्रिय. संगीतकार गप्प झाला, अंतर्मुख झाला आणि एके दिवशी त्याला घंटानाद ऐकू आला, असं ते सांगितलं जातं. प्रत्यक्षात या काळात त्याने सिनेमासंगीत लिहिलं, १९७१ मध्ये तिसरी सिंफनी लिहिली, १९७२ मध्ये नोराशी लग्न केलं, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेश केला, आणि वह्यांमागून वह्या भरल्या. ग्रेगोरियन गायन, म्हणजे मध्ययुगीन चर्चमधलं, सगळ्यांनी एकच स्वरओळ साथीविना गायची असं स्तोत्रगायन, त्याने मुळापासून शिकायला घेतलं. त्यानंतर बहुस्वरी गायन जन्माला कसं आलं ते पायरीपायरीने तपासलं. स्तोत्रातला एक तुकडा वाचायचा, मजकूर बाजूला सारायचा आणि न थांबता एक स्वरओळ लिहायची. पक्ष्यांचा थवा जाताना दिसला तर त्याच्या आकाराची रेघ कागदावर ओढायची आणि त्या रेघेवर स्वर बसवायचे. रोज. शेकडो ओळी, आणि त्यांतली एकही कुणाला ऐकवण्यासाठी नाही. टॅलिनमध्ये १९७२ साली ‘होर्तुस मुसिकुस’ हा जुन्या संगीताचा गट उभा राहिला होता, त्यांच्यातही तो ऊठबस करत होता.

एखाद्या गवयाने मैफली बंद करून आठ वर्षं खर्ज भरला, तर आपण त्याला मौनी म्हणू का?

१९७६ मध्ये त्या वह्यांतून ‘फ्यूर अलिना’ बाहेर आली. पियानोसाठी दोन पानांची रचना. ओळखीतल्या एका कुटुंबातली मुलगी वडिलांबरोबर इंग्लंडला गेली होती आणि आई मागे राहिली होती, त्या ताटातुटीसाठी लिहिलेली. मी पियानोवादक नाही. पण ही दोन पानं समोर ठेवून कीबोर्डवर चाचपडत बसण्याइतकी ती सोपी दिसतात, आणि तिथेच त्यांची गोम आहे.

सुरुवातीला अगदी खालचा ‘बी’ हा स्वर दोन सप्तकांत एकदम दाबायचा आणि पायाखालचं पेडल सोडायचं नाही. पेडल दाबलेलं असलं की पियानोच्या सगळ्या तारा मोकळ्या होतात, आणि त्यानंतर तुम्ही वर एखादा स्वर छेडला की त्या मोकळ्या तारांतल्या नात्यातल्या तारा आपोआप झंकारतात. सतारीच्या तरफा जशा. साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर हे घडत नाही, त्यामुळे तिथे ही रचना निम्मीच वाजते. खऱ्या पियानोवर मात्र दोन बोटांखाली दहा तारा बोलत असतात. कागदावर तालाची मात्रा नाही. काळे ठिपके आणि पांढरे ठिपके, काळा म्हणजे आखूड, पांढरा म्हणजे लांब, बस्स. पहिल्या तुकड्यात थोडे स्वर, पुढच्यात एक जास्त, त्यापुढच्यात आणखी एक, असं मध्यापर्यंत वाढत जायचं आणि तिथून एकेक कमी करत परत यायचं.

उजवा हात स्वरओळ वाजवतो. ती जवळच्या स्वरांतून चालणारी, कधी उडीही घेणारी. डावा हात प्रत्येक वेळी उजव्याबरोबरच पडतो, पण त्याला मुभा तीनच स्वरांची: बी, डी आणि एफ शार्प, म्हणजे बी मायनरचा मूळ स्वरमेळ. उजव्या हातात जो स्वर असेल त्याच्या खालचा, या तिघांपैकी सगळ्यांत जवळचा, तो डाव्याने घ्यायचा. आवडीनिवडीला जागा नाही. नियम लागला की स्वर ठरला. कधी दोघं गोड जुळतात, कधी शेजारी-शेजारी येऊन खटकतात, आणि तो खटका पुढच्या स्वराला आपोआप सुटतो. हीच त्याची ‘तिंतिनाबुली’ पद्धत. घंटेच्या छोट्या किणकिणीवरून हे नाव त्याने दिलं.

आपल्याकडचा कुणी हे पहिल्यांदा ऐकतो आणि म्हणतो, हा तर तानपुरा. माझ्याही तोंडी ही तुलना यायची, पण ती फार लांब जात नाही. तानपुरा गायकाकडे बघत नाही, गायक कुठेही गेला तरी तो आपल्या जागी बोलत राहतो. पॅर्तचा दुसरा आवाज मात्र पहिल्याच्या प्रत्येक पावलाबरोबर पाऊल टाकतो, फक्त त्याच्या वाटा तीनच. एक आवाज भटकणारा, दुसरा त्याला धरून असलेला. नोराने याला एक सूत्र दिलं: एक अधिक एक बरोबर एक. पॅर्त मुलाखतींत ते कौतुकाने सांगतो. गणित म्हणून ते चुकीचं आहे, पण डावा आणि उजवा हात निरनिराळे ऐकायचा प्रयत्न करून बघा, जमत नाही.

आणि मग, रचना शेवटाकडे उतरत असताना, एका ठिकाणी डावा हात नियम मोडतो. बी, डी, एफ शार्प सोडून सी शार्प घेतो. एकदाच. स्वरलेखनात त्या जागी पॅर्तने एक छोटंसं फूल काढून ठेवलंय. नुसतं ऐकताना ती जागा निसटू शकते. पण सगळा वेळ नियम पाळत आलेल्या हाताला तिथे वेगळ्या पट्टीवर जावं लागतं तेव्हा जे होतं, ते मला आजवर कुठल्याही ध्यानसंगीताच्या यादीत सापडलेलं नाही. नियम इतका कडक नसता तर त्या सी शार्पला कुणी विचारलंही नसतं.

एकदा कुलूप उघडल्यावर मात्र धबधबा सुरू झाला. १९७६ ते १९७८ या काळात ‘फ्रात्रेस’, ‘कांतुस’, ‘ताबुला रासा’, ‘मिस्सा सिलाबिका’, ‘श्पीगल इम श्पीगल’ या रचना एकामागोमाग आल्या. बाही झटकणारा तो मुलगा परतलाच म्हणायचा, फक्त आता बाहीला बटण लावलेलं होतं.

यांतली ‘कांतुस’ माझी सगळ्यांत लाडकी. बेंजामिन ब्रिटन हा इंग्लिश संगीतकार डिसेंबर १९७६ मध्ये गेला. पॅर्तला त्याच्या संगीताची ओळख नुकतीच पटली होती, त्याला भेटायची इच्छा होती, ती राहून गेली. त्या दुःखातून ही रचना आली असं सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण ती बांधली कशी आहे ते बघण्यासारखं आहे. तंतुवाद्यांचा वृंद आणि एक घंटा. स्वरावली कोणती, तर ए मायनरची साधी अवरोही. पहिल्या व्हायोलिनांनी वरून सुरुवात करायची: एक स्वर. मग दोन. मग तीन. सां, सां नि, सां नि ध, असा गाणं शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला ठाऊक असलेला पलटा, आसावरी थाटाच्या स्वरांतला. दुसऱ्या व्हायोलिनांनी तोच पलटा खालच्या सप्तकात, निम्म्या गतीने धरायचा. व्हायोलांनी त्याच्याही निम्म्या, चेलोंनी त्याच्याही निम्म्या, आणि डबल बासने त्याच्याही. म्हणजे सगळ्यांत वरचा आवाज सोळा पावलं टाकतो तेव्हा सगळ्यांत खालचा एक टाकतो. भरीला, व्हायोला सोडले तर, प्रत्येक वाद्यगटाचा अर्धा भाग हा पलटा वाजवतो आणि अर्धा भाग त्याला धरून मूळ स्वरमेळातले स्वर.

सगळा मसाला एवढाच. शाळकरी पोराला सूत्र समजावून सांगितलं तर तो पुढची पानं स्वतः लिहून काढील. आणि तरी वाजायला लागल्यावर सहा-सात मिनिटांत असं वाटतं की काहीतरी प्रचंड कोसळतंय आणि कोसळायचं संपतच नाही. याचं कारण माझ्या मते हे गणितच. वरचे आवाज घाईने खाली येतात, पण खालचे अजून वरच अडकलेले. प्रत्येक गट आपापल्या तळाला पोचला की तिथेच ठाण मांडतो आणि बाकीच्यांची वाट बघतो. दुःखात घरातली सगळी माणसं एकाच वेळी तळाला पोचत नाहीत, तसंच काहीसं. पॅर्तने इथे रडका सूर एकही लावलेला नाही, त्याने फक्त पाच जणांना पाच वेग दिले.

‘ताबुला रासा’ची हकीकतही सांगण्यासारखी. टॅलिनचा वाद्यवृंद-संचालक एरी क्लास याला आल्फ्रेड श्नित्के या सोव्हिएत संगीतकाराच्या एका रचनेच्या जोडीला वाजवायला काहीतरी हवं होतं. ३० सप्टेंबर १९७७ ला ती टॅलिनमध्ये वाजली तेव्हा दोन व्हायोलिनांवर गिदोन क्रेमर आणि तात्याना ग्रिंदेन्को होते, आणि तारांत वस्तू अडकवलेल्या पियानोवर खुद्द श्नित्के. समोरच्या कागदावर इतके कमी स्वर बघून वादक चक्रावून गेले. रचनेचा दुसरा भाग ‘सिलेंतियुम’ नावाचा, त्यात दोन्ही व्हायोलिनं फार सावकाश पसरत जातात, एकेक आवाज आपली वाट संपवून बाहेर पडतो, शेवटी डबल बास एकटा उतरत येतो आणि मुक्कामाच्या अलीकडे थांबतो. त्यापुढचे रिकामे खंड पॅर्तने रीतसर लिहिलेले आहेत. वादकांनी तेही वाजवायचे, म्हणजे हात न हलवता मोजायचे. रेडिओवर काम केलेला माणूस!

जानेवारी १९८० मध्ये पॅर्त कुटुंब, म्हणजे तो, नोरा आणि दोन मुलगे, देश सोडून निघालं. वरून तशी ‘सूचना’ होतीच. ब्रेस्तच्या सरहद्द-स्थानकावर सामानाची कसून झडती झाली, आणि सामानात होतं काय, तर सात पेट्या भरून संगीत. पॅर्तने नंतर सांगितलेली हकीकत अशी की पहारेकऱ्यांनी ते वाजवूनच बघायचं ठरवलं. ‘कांतुस’ वाजलं, ‘मिस्सा सिलाबिका’ वाजली आणि ते लोक चक्क सौजन्याने वागायला लागले. या गोष्टीतही संतचरित्राचा वास येतो हे मला कळतं. पण रात्रपाळीवरच्या शिपायांना आयुष्यात एकदा चांगली ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळाली, एवढा साधा अर्थही पुरे आहे. व्हिएन्नाच्या स्थानकावर युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशनसंस्थेचा माणूस त्यांना घ्यायला आला. पुढच्याच वर्षी ते बर्लिनला गेले आणि मग कित्येक वर्षं तिथेच राहिले.

पश्चिमेत त्याला घरोघरी पोचवलं ते मानफ्रेड आयशर या जर्मन निर्मात्याने. आयशर श्टुटगार्टहून झ्युरिककडे गाडी चालवत होता, रेडिओवर हे संगीत लागलं. नीट ऐकू यावं म्हणून त्याने हमरस्ता सोडला आणि गाडी टेकडीवर नेऊन उभी केली. संगीत कुणाचं हे शोधून काढायला त्याला बराच काळ लागला. १९८४ मध्ये त्याच्या ईसीएम कंपनीने ‘ताबुला रासा’ ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि तिच्यापासून कंपनीची ‘न्यू सिरीज’ ही नवी मालिकाच सुरू झाली. अमेरिकी समीक्षक ॲलेक्स रॉस यांनी लिहिलंय की एड्सने मरणपंथाला लागलेले रुग्ण त्यातला ‘सिलेंतियुम’ पुन्हा पुन्हा लावायला सांगत. यावर मी काही भाष्य करणार नाही.

समीक्षकांनी मात्र नाकं मुरडली. पोलंडचा गुरेत्स्की, इंग्लंडचा टॅव्हनर आणि हा, तिघांना एकाच गाठोड्यात बांधून ‘पवित्र मिनिमलिझम’, म्हणजे मोजक्या स्वरांचं धार्मिक संगीत, असं लेबल चिकटवलं गेलं. त्यात कुचेष्टा होती, आणि थोडं तथ्यही. खरं सांगायचं तर पॅर्तच्या काही छोट्या रचना ऐकताना मलाही वाटतं की इथे नियम आपला आपण चाललाय आणि संगीतकार चहा प्यायला गेलाय. ‘श्पीगल इम श्पीगल’चं तर सिनेमावाल्यांनी पार मातेरं केलं. पडद्यावर कुणी मरायला टेकलं की हे लावायचं. मूळ रचना निर्दोष आहे, पण आता ती ऐकताना कुणाचा तरी अंत्यविधी नजरेसमोर येतो, आणि त्यात पॅर्तचा काही अपराध नाही.

मोठ्या पल्ल्याच्या रचनांत त्याचा हिशेब शब्दांपर्यंत पोचतो. ‘पासिओ’ १९८२ ची. योहानच्या शुभवर्तमानातली येशूच्या अखेरच्या प्रहरांची कथा, लॅटिनमध्ये, सुमारे सत्तर मिनिटं अखंड. इथे शब्दात अक्षरं किती यावरून स्वरओळ कुठून निघणार ते ठरतं, आणि पुढे स्वल्पविराम आहे, अपूर्णविराम आहे की पूर्णविराम, यावरून शब्द किती लांबणार ते. संगीतकाराने व्याकरणाला अशी सत्ता दिल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. ‘कानोन पोकायानेन’ हे चर्च स्लाव्होनिक या ऑर्थोडॉक्स चर्चच्या जुन्या धर्मभाषेतलं पश्चात्तापाचं स्तोत्र कोलोन कॅथीड्रलच्या साडेसातशेव्या वर्धापनासाठी लिहिलेलं. १९९८ मध्ये ते तिथे गायलं गेलं, एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायरने, टोनू काल्युस्तेच्या संचालनाखाली. या लोकांचा पॅर्त ऐकला की दुसऱ्यांचा ऐकवत नाही, एवढा माझा पूर्वग्रह नोंदवून ठेवतो.

पॅर्त स्वतः एक गोष्ट सांगतो. तरुणपणी एकदा रस्ता झाडणाऱ्या एका माणसाला त्याने विचारलं, संगीतकाराने संगीत लिहावं तरी कसं? तो म्हणाला, प्रत्येक स्वरावर प्रेम करावं लागत असेल. हे सुभाषित म्हणून सगळीकडे छापलं जातं. त्याची व्यवहारातली बाजू कुणी सांगत नाही. प्रत्येक स्वरावर प्रेम करायचं तर स्वर कमीच लिहावे लागतात, आणि ठेवलेला प्रत्येक स्वर तिथे का आहे याचा जाब देता आला पाहिजे.

जगाकडे पाठ फिरवलेला साधू ही कल्पनाही फारशी टिकत नाही. ११ मार्च २००४ ला माद्रिदमध्ये गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर दोनच दिवसांत त्याने ‘दा पाचेम दोमिने’ लिहायला घेतलं. ऑक्टोबर २००६ मध्ये रशियन पत्रकार आन्ना पोलितकोव्स्काया हिची हत्या झाली, तेव्हा त्या हंगामातले आपल्या संगीताचे सगळे कार्यक्रम त्याने तिच्या स्मृतीला वाहिले. चौथी सिंफनी, २००९ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला पहिल्यांदा वाजलेली, त्याने मिखाईल खोदोर्कोव्स्की या रशियन उद्योगपतीला अर्पण केली. खोदोर्कोव्स्की तेव्हा रशियाच्या तुरुंगात होता. ‘क्रेडो’ लिहिणारा माणूस कुठेही गेला नव्हता.

जिवंत संगीतकारांत जगभर सगळ्यांत जास्त वाजवला जाणारा म्हणून बाखट्रॅक या संकेतस्थळाच्या नोंदींत तो २०११ ते २०१८ सलग पहिला होता. आता तो एस्टोनियात परतलाय. टॅलिनपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर, लाउलास्माच्या पाइन वृक्षांत, त्याच्या नावाचं केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याने नव्वदी गाठली. केंद्रातली वास्तू देखणी आहे म्हणतात, निएतो सोबेहानो या स्पॅनिश वास्तुरचनाकारांची. मला तिथे जायचंय ते वास्तूसाठी नाही. १९७० च्या दशकातल्या त्या वह्या तिथल्या संग्रहात आहेत.

ज्यांनी पॅर्त अजिबात ऐकलेला नाही त्यांनी ‘श्पीगल’पासून सुरुवात करू नये, असं माझं मत. ‘कांतुस’ लावा, ईसीएमचं १९८४ चं. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा डबल बासचा आवाज पकडा आणि तो एक स्वर किती वेळ धरतो ते मोजा. हेडफोन लागतील, फोनच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही. ‘पासिओ’ची घाई करू नका, आणि ते रात्री झोपताना तर मुळीच लावू नका.